ती लाट पेंटिंग नाहीये हो

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी पुरवणीत तुम्ही जपानी चित्रकार होकुसाईची ती लाट छापलीत, चांगली अर्ध्या पानाची, आणि खाली लिहिलंत ‘होकुसाईचं जगप्रसिद्ध पेंटिंग’. एरवी मी पत्रंबित्रं लिहिणारा माणूस नाही पण 31 वर्षं वागळे इस्टेटमध्ये ऑफसेटच्या मशिनवर काढलीयेत त्यामुळे हे वाचून सोडून देता येईना. ती लाट पेंटिंग नाहीये. छपाई आहे. लाकडी ठशांवरून हाताने काढलेली छपाई.

झालं असं की साधारण 1831 च्या सुमाराला निशिमुराया योहाची नावाच्या प्रकाशकाने ती काढली. होकुसाईने पातळ कागदावर चित्र काढून दिलं, तो कागद उलटा करून चेरीच्या लाकडावर खळीने चिकटवला, पाठीमागून बोटाने चोळून चोळून जवळजवळ नाहीसा केला आणि जी रेघ दिसायला लागली तिच्या दोन्ही बाजूचं लाकूड कोरणाऱ्याने काढून टाकलं. म्हणजे होकुसाईच्या हातची मूळ रेघ कुठेय विचाराल तर ढलप्यांबरोबर झाडून गेली. जे छापून निघालं तेच ओरिजिनल, आणि तशी एक नाही अनेक निघाली, नंतर नंतरच्या प्रतींत तर नावाच्या चौकटीची रेघ तुटलेली दिसते कारण ठसा झिजला. आमच्याकडे प्लेट झिजली की सुपरवायझर ओरडायचा, तिकडे आता म्युझियमवाले त्याच तुटक्या रेघेवरून कुठली प्रत आधीची कुठली नंतरची ते ठरवतात!

कोरणाऱ्याला तिकडे होरिशी म्हणतात, छापणाऱ्याला सुरिशी. काही चित्रांच्या कडेला कोरणाऱ्याचा बारीकसा शिक्का तरी सापडतो, छापणाऱ्याचा अगदी क्वचित. आता तुम्ही म्हणाल छापणाऱ्याचं काय एवढं, रंग लावला कागद दाबला झालं. मलाही तसंच वाटायचं. रिटायर झाल्यावर मुलीने जपानी पटाशांचा सेट आणून दिला आणि गेली तीन वर्षं वर्तकनगरच्या आमच्या गॅलरीत हा उद्योग चाललाय, तेव्हा कळलं.

पहिली गोष्ट म्हणजे कागद ओला लागतो. भिजलेला नाही, ओलसर, नवीन वर्तमानपत्र पावसाळ्यात लागतं ना हाताला त्याच्यापेक्षा थोडा जास्त. आदल्या रात्री कागद दमट करून गठ्ठा बांधून ठेवायचा (मी तुमच्याच पेपरच्या रद्दीत बांधतो, मध्ये कोरा कागद घालून, शाई उतरलेली नाही अजून, कौतुक समजा). एका चित्राला दहा रंग असतील तर दहा वेळा तोच कागद ठशावर जाणार आणि शेवटच्या रंगापर्यंत ओल तेवढीच राहिली पाहिजे, कारण वाळला की कागद आकसतो आणि मग लाल रंग ओठांवर न बसता गालावर बसतो. वागळे इस्टेटमध्ये जुलै महिन्यात आमचं अगदी हेच दुखणं होतं, हवेतली ओल पिऊन आर्ट पेपर लहरायचा आणि चार रंगांचं रजिस्टर, म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका बसणं, काही केल्या जुळायचं नाही. आणि ठाण्यातला पावसाळा म्हणजे ओल्या गठ्ठ्याला तिसऱ्या दिवशी बुरशी. काम अर्धवट राहिलं तर गठ्ठा पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये, मटाराच्या शेजारी. बायकोने एकदा मासे समजून बाहेर काढून ठेवला होता, त्या गठ्ठ्याचं काय झालं ते लिहीत नाही.

कागदाला वाशी म्हणतात, आपल्या खाडीपलीकडच्या वाशीशी संबंध नाही. त्याला सरस आणि तुरटीचं पाणी दिलेलं असतं म्हणजे रंग फुटत नाही. रंगात भाताची खळ घालायची, घोड्याच्या केसांच्या ब्रशने ठशावर पसरवायची (माझा बूट पॉलिशचा आहे, चालतो) आणि कागद ठेवायचा तो केंतोत. केंतो म्हणजे ठशातच कोरलेल्या दोन खाचा, एक कोपऱ्याची एक सरळ, कागदाचं टोक त्यात टेकवायचं. आमच्या मशिनवर कागद नेमक्या जागी टेकवणारे फ्रंट ले आणि साइड ले, दुसरं काही नाही, आणि ही माणसं 1765 च्या आसपास हारुनोबू या चित्रकाराच्या चित्रांसाठी त्याच खाचांवर रंगामागून रंग जुळवत होती, वीज नाही मशिन नाही. मग वरून बारेन फिरवायचा, बांबूच्या दोरीची गुंडाळी आणि वर बांबूचंच साल, तळहाताएवढा. चांगला बारेन महाग म्हणून मी वर्षभर लाकडी डावाच्या पाठीने घासत होतो, खांदा गेला.

सगळ्यात अवघड बोकाशी. आकाश वर गडद आणि खाली येता येता फिकट होत जातं ना ते ठशात कोरलेलं नसतं. ओल्या फडक्याने ठसा पुसायचा, ब्रशच्या एकाच कडेला रंग घ्यायचा आणि आडवा फिरवायचा, दर कागदाला नव्याने. शंभर कागद तर शंभर वेळा तेच आकाश. माझी दोन सारखी आली नाहीत अजून.

हिरोशिगेचं 1857 चं ओहाशी पुलावरच्या पावसाचं चित्र बघा कधी. पावसाच्या त्या केसाएवढ्या रेघा लाकडात उभ्या ठेवायच्या म्हणजे मधलं सगळं लाकूड काढायचं, एक पटाशी घसरली की पाऊस तुटला. व्हॅन गॉगने 1887 मध्ये त्याची तैलरंगात नक्कल केली. ते पेंटिंग आहे, तिथे खुशाल पेंटिंग लिहा.

आपल्याकडे तरी वेगळं काय म्हणा. चित्रशाळा प्रेसच्या नि रविवर्मा प्रेसच्या तसबिरी घरोघरी लागल्या, त्या लिथोच्या दगडावर राबणाऱ्यांची नावं कोणाला ठाऊक आहेत. आणि मराठी अँगल हवाच असेल तर जपानी चित्रकार योशिदा हिरोशी घ्या, तो 1930-31 ला भारतात फिरला आणि ताजमहालासोबत अजिंठा-वेरूळचीही वुडब्लॉक चित्रं केली. स्वतःच्या देखरेखीखाली छापलेल्या चित्राच्या समासात तो ‘जिझुरी’ असा शिक्का मारायचा, म्हणजे स्वतः छापलेलं. चित्रकार असून छपाईचा शिक्का मारावासा वाटला त्याला.

तर पुढच्या वेळी ‘वुडब्लॉक प्रिंट’ लिहा, नाहीतर ‘ठशाचं चित्र’. आणि जागा असली तर कोरणारा आणि छापणारा वेगळे होते एवढी एक ओळ. बाकी त्या फोटोत निळा जरा हिरव्याकडे झुकलाय, पिवळा जास्त गेलाय बहुतेक, मशिनवाल्याला सांगा.

– एक निवृत्त मशिनमन, वर्तकनगर, ठाणे