नीमराणाचा दाखला देताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

किल्ल्यांवर हॉटेल काढण्याचा विषय निघाला की दोन्ही बाजूंचे लोक राजस्थानातल्या नीमराणाचे, म्हणजे हॉटेल झालेल्या एका जुन्या किल्ल्याचे, नाव घेतात. एक म्हणतो, बघा, पडका किल्ला कसा उभा राहिला! दुसरा म्हणतो, बघा, राजवाड्याचे लग्नाचे कार्यालय झाले! सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले २५ किल्ले भाडेपट्ट्याने देणार अशी बातमी आली आणि रान पेटले, तेव्हाही हेच ऐकू आले. सरकारने लगोलग खुलासा केला, वाद शमला. पण नीमराणाचा इतिहास काय, हे त्या गदारोळात कुणी फारसे सांगितले नाही. म्हणून हे पत्र.

दिल्ली-जयपूर महामार्गालगत, अरवलीच्या एका टेकडीच्या उतारावर हा किल्ला टप्प्याटप्प्याने चढत गेला आहे. त्याची सुरुवात १४६४ ची मानतात. पृथ्वीराज चौहानाचा वंश सांगणाऱ्या चौहानांचे हे ठिकाण. संस्थान लहान, उत्पन्न बेताचे. पुढे एवढा पसारा सांभाळणे अवघड झाले, दर्शनी भाग ढासळू लागला आणि १९४७ मध्ये राजा राजिंदर सिंह किल्ला सोडून विजयबागेतल्या घरी राहायला गेले. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षे तिथे वटवाघळे आणि झुडपे. गिऱ्हाईक मिळेना. १९८६ मध्ये इतिहासाचे अभ्यासक अमन नाथ, जन्माने फ्रेंच असलेले फ्रान्सिस वाझियार्ग आणि त्यांच्या काही मित्रांनी तो अवशेष विकत घेतला. पाच वर्षांनी, १९९१ मध्ये, मोजक्या खोल्यांचे हॉटेल सुरू झाले. आज सत्तरहून अधिक खोल्या आहेत. म्हणजे आधी थोडे दुरुस्त करायचे, त्यातून पैसा आला की पुढचा भाग हाती घ्यायचा, असे ते वर्षानुवर्षे चालले. मला या साऱ्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे सावकाशपण.

आता यातला कुठला भाग आपल्याला लागू पडतो? नीमराणा ही खासगी मालमत्ता होती. मालकाने विकली, दुसऱ्याने घेतली. शिवाय तो मुळात राहता वाडा. भिंती पडल्या असतील, पण दालने होती, चौक होते, गच्च्या होत्या. आपल्या सह्याद्रीतल्या बहुतेक गडांवर काय उरले आहे? तट, बुरूज, टाकी, आणि वाड्यांची नुसती जोती. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी रायगडावरची घरे जाळली; नाशिककडच्या कितीतरी गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. जिथे छप्परच नाही तिथे 'जीर्णोद्धार करून खोल्या' याचा अर्थ एकच होतो : जोत्यावर नवे बांधकाम. आणि पाणी? कातळात खोदलेली टाकी शिबंदीच्या बेताची असतात. तीस खोल्यांचे न्हाणीघर आणि त्यांचे सांडपाणी यांचा हिशेब त्यांत बसत नाही. डोंगरमाथ्यावर मैलापाणी शेवटी कुठे जाणार, हे उतारावरच्या वाडीला विचारावे.

तरीही हॉटेल म्हटले की नाक मुरडावे, असे मला वाटत नाही. माणसांचा वावर थांबला की वास्तू झपाट्याने ढासळते. वापरात असलेल्या वास्तूचे गळते छप्पर निदान कुणाच्या तरी लक्षात येते. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचे नियम सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतही ऐतिहासिक वास्तूचा समाजोपयोगी वापर इष्टच मानला आहे. अट एवढीच की त्यापायी वास्तूची रचना आणि सजावट बदलू नये. त्याच सनदेत आणखी दोन गोष्टी आहेत. जिथे अंदाजाला सुरुवात होते तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आणि नव्याने भरलेला भाग जुन्यापासून वेगळा ओळखू आला पाहिजे. हॉटेलवाल्याला नेमके हेच गैरसोयीचे. पाहुणा पैसे मोजतो तो 'पाचशे वर्षांच्या' खोलीसाठी. तिची कमान गेल्या वीस वर्षांतली आहे, हे त्याला कोण सांगणार?

आणखी एक. नीमराणा गावातच अठराव्या शतकातली नऊ मजली बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. खाली उतरत गेलेल्या पायऱ्या, कमानींची दालने. किल्ल्याइतकीच थोर वास्तू, माझ्या मते त्याहून विलक्षण. पण बावडीत पाहुणे राहत नाहीत. हॉटेलच्या उत्पन्नावरच वारसा जपायचा ठरवला तर विहिरी, दिंड्या, चोरवाटा, धान्यकोठारे यांचा वाली कोण? राहायच्या लायक तेवढे वाचेल.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली; त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. या गडांभोवती आता पर्यटकांची सोय करा, ही मागणी वाढणार आणि ती रास्तही आहे. ती सोय पायथ्याच्या गावांत व्हावी. गडावर फक्त स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि माहिती सांगणारा माणूस, एवढे पुरे. हॉटेल करायचेच असेल तर सरदार-संस्थानिकांचे छप्पर शाबूत असलेले वाडे आणि गढ्या आहेत, ज्यांचे वारस डागडुजीच्या खर्चाने टेकीला आले आहेत. नीमराणाचा दाखला तिथे चालतो.

मात्र परवाना देतानाच तीन अटी लेखी घ्याव्यात. कामाआधीची मोजमापे आणि छायाचित्रे पुरातत्त्व खात्याकडे जमा व्हावीत. कुठली भिंत जुनी, कुठली नवी आणि कुठल्या साली बांधली, याचा नकाशा प्रवेशद्वाराशीच लावावा. आणि खोली न घेणाऱ्या माणसालाही ठरलेल्या वेळी वास्तू आतून पाहता यावी. खर्च नगण्य आहे, हरकत घ्यायला कारण दिसत नाही. आपल्या वार्ताहरांनी राज्यात आज चालू असलेल्या वारसा हॉटेलांपैकी किती ठिकाणी असा नकाशा लावला आहे, एवढे पाहून छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक