थंडी वाजते म्हणता, तापमान किती ते सांगा

संपादक महोदय,

ऑपरेशन करून बाहेर आणलेला रुग्ण दातावर दात आपटत असतो. नातेवाईक घाबरून विचारतात, तर उत्तर ठरलेले: ‘भुलीमुळे होते, थांबेल थोड्या वेळात.’ रिकव्हरी रूममध्ये परिचारिका असताना मीही हे वाक्य रोज ऐकत होते. ते खोटे नाही, पण त्या क्षणी रुग्णाचे तापमान किती आहे हे बऱ्याचदा कोणी पाहिलेलेच नसते. कपाळाला हात लावून शरीराच्या आतले तापमान कळत नाही.

ते ३६ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, तर रक्त नीट गोठत नाही, भुलीची औषधे सावकाश उतरतात. आतड्याच्या शस्त्रक्रियांवरील १९९६ च्या एका अभ्यासात गार पडलेल्यांपैकी १९ टक्के रुग्णांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला, उबदार ठेवलेल्यांपैकी ६ टक्के रुग्णांच्या. २०२२ च्या एका मोठ्या चाचणीत मात्र ३५.५ आणि ३७ अंशांवर ठेवलेल्या रुग्णांच्या गुंतागुंतींत फारसा फरक आढळला नाही. तेव्हा ३७ चा हट्ट नको, पण त्या चाचणीतही ३५.५ राखण्यासाठी तापमानावर सतत नजर होतीच.

दोष सगळा एसीला दिला जातो. खरे तर भूल दिल्यावर त्वचेकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि आतली ऊब हातापायांकडे पसरते, म्हणून पहिल्या तासातच तापमान एक-दीड अंशाने उतरू शकते. कमरेतून दिलेल्या भुलीतही हे घडते. मग नंतर चार ब्लँकेट घालणे हा उशिरा सुचलेला उपाय. भूल देण्याआधीच उबदार हवेच्या ब्लँकेटने रुग्णाला ऊब द्यायला हवी. दहा-वीस मिनिटांचाही फायदा होतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार भूल अर्ध्या तासाहून अधिक काळ राहणार असेल तर असे ब्लँकेट वापरावे आणि अर्धा लिटर वा अधिक सलाईन द्यायचे तर ते ३७ अंशांपर्यंत कोमट केलेले हवे. वयस्कर, कृश रुग्ण आणि तान्ही बाळे लवकर गार पडतात.

एक कळकळीची सूचना: मायेपोटी गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवू नका. बधिर पायाला चटका कळत नाही आणि त्वचा भाजते.

रुग्णालयांकडे मागणे एवढेच: थिएटरमध्ये नेण्यापूर्वी, ऑपरेशन चालू असताना आणि वॉर्डात पाठवण्यापूर्वी तापमानाचा आकडा केसपेपरवर लिहा, आणि तो ३६ च्या खाली असेल तर रुग्णाला वॉर्डात पाठवण्याची घाई करू नका. नातेवाइकांनीही तो आकडा विचारावा.

— एक निवृत्त परिचारिका