ताई, त्या "मोजून बघ बरं" साठी थँक्यू

ताई, काल फोनवर नीट बोलताच आलं नाही म्हणून इथे लिहितेय.

तीन दिवस मी पायथनमधल्या त्या एका इनमपाशी (ठरलेल्या पर्यायांची नावं आणि त्यांच्या व्हॅल्यू यांची यादी) अडकले होते. अर्जाच्या पाच स्थिती, प्रत्येकीला रंग आणि किती दिवसांची मुदत एवढंच चिकटवायचं होतं, म्हणून व्हॅल्यू म्हणून सरळ टपल (रंग आणि दिवस यांची जोडी) दिला आणि 'परत पाठवला' असलेला प्रत्येक अर्ज स्क्रीनवर 'थांबवला' दिसायला लागला. ज्यांना आधी विचारलं त्यांच्यातल्या एकाने कोड न उघडताच सांगितलं डिक्शनरी कर, दुसरा म्हणाला एवढं बेसिक येत नाही का. खरं सांगते, रडकुंडीला आले होते.

तुम्ही स्क्रीन बघितली, कीबोर्डला हात लावला नाही, फक्त म्हणालात, "लिस्ट प्रिंट कर आणि मोजून बघ बरं." लिहिले होते पाच, आले चार! आणि मग तुम्ही गप्प बसलात. घाई केली नाही, उत्तर तोंडावर फेकलं नाही, माझं मला दिसेपर्यंत थांबलात. दोन्ही स्थितींना पिवळा आणि 7 दिवस, टपल सेम, म्हणजे पायथनच्या लेखी दुसरी स्थिती पहिलीचंच दुसरं नाव, आणि एररसुद्धा नाही. ते "अच्छाऽऽ" माझ्या तोंडून निघालं ना, त्याचं मोल मला कळतंय.

पुढचं मग पटकन झालं, डंडर न्यू मध्ये (__new__, इनमचा प्रत्येक मेंबर, म्हणजे प्रत्येक स्थिती, जिथे तयार होते) व्हॅल्यू म्हणून फक्त कोड नंबर, रंग आणि मुदत वेगळे अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे सोबत जोडलेली माहिती, वर युनिक डेकोरेटर (एकच व्हॅल्यू दोनदा आली का ते तपासणारी खूण) म्हणजे पुन्हा असं झालं तर तिथेच व्हॅल्यूएरर. आता नुसता 3 दिला तरी बरोबर मेंबर मिळतो, पूर्ण टपल द्यावा लागत नाही. आणि पायथनच्या स्वतःच्या एचटीटीपीस्टेटसमध्ये (वेबसाइटच्या उत्तर-कोडची तयार इनम) 404 सोबत 'नॉट फाउंड' हा फ्रेज असाच चिकटवलाय, हे तुम्ही उघडून दाखवलंत तेव्हा वाटलं, म्हणजे मी मागत होते ते काही वेडगळ नव्हतं.

ज्यांना कोडिंग येतं असे खूप असतात हो, पण समोरच्याला लहान न करता सांगणारं माणूस भेटायला नशीब लागतं. तुमचं स्वतःचं काम पडलं होतं, तरी पाऊण तास दिलात आणि एकदाही घड्याळ बघितलं नाहीत.

टर्मिनलची ती खिडकी अजून उघडीच आहे, चारची लिस्ट वर आणि पाचची खाली. बंद करावीशी वाटत नाहीये. मनापासून थँक्यू ताई.