दाब किती होता?

सोलापूर,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय मिल्या,

तुझा आवाजी निरोप मिळाला. "क्रेडिट पुरे झाले का बे?" हे तू इतक्या काळजीने विचारलंस की मला क्षणभर माझी आईच आठवली. झाले. शिकत राहिल्याचे ते गुण कागदावर तरी झाले. पण त्या कागदामागे एक भानगड आहे आणि ती फोनवर सांगायची म्हणजे तू तिकडे अमेरिकेत डेन्व्हरला, तुझ्या-माझ्यात साडेबारा तास आणि वर मध्येच तुझी पोरं. म्हणून आज सुट्टी साधून बसलोय.

आधी काकूंचं सांगतो. परवा जाऊन आलो. गुडघा बरा आहे. नळाला पाणी येण्याच्या दिवशी मात्र अजूनही पहाटे चारला उठतात, मोटर लावायला शेजारच्या पोराला सांगा म्हटलं तर ऐकत नाहीत. तुझ्यासाठी शेंगाची चटणी बांधून ठेवलीये म्हणाल्या, अर्धा किलो. तू कधी येतोस ते त्यांना नीट कळव, मला मध्ये घालू नकोस.

तर भानगड. तुला ठाऊक आहे, जानेवारीत गड्ड्याची जत्रा चालू असतानाच मी इथे रुजू झालो. पंधरा वर्षं मुंबईत काढून परत गावाला. इथे कॅन्सरवर किरणोपचार करणारं मशीन एक, त्याचा डोस मोजणारा फिजिसिस्ट एक, म्हणजे मीच. किरणसुरक्षा अधिकारी (आरएसओ) मीच, प्लॅनिंग मीच, मशीनची तपासणी (क्यूए) मीच. पहिले तीन महिने मजेत गेले. एप्रिलच्या शेवटी, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना, महिन्याचं आउटपुट, म्हणजे मशीन ठरलेला डोस देतंय का, ते मोजायला बसलो. आदल्या रात्रीच फँटम, म्हणजे शरीराच्या जागी धरायची पाण्याची टाकी, भरून ठेवला होता. तीस सेंटिमीटरचा लहानच, सत्तावीस लिटरचा. मोठा स्कॅनिंगचा टँक भरायचा म्हणजे इथे पाण्याचा वार बघूनच ठरवावं लागतं, हे तुला हसायला येईल पण खरं आहे. गच्चीच्या टाकीतलं पाणी भाजून निघालेलं असतं, ते रात्रभर बंकरमध्ये, मशीनच्या जाड भिंतींच्या खोलीत, निवायला ठेवायचं. सकाळी थर्मामीटर बुडवला, २४ अंश. डोस मोजणारा फार्मर चेंबर पाण्यात दहा सेंटिमीटर खोल, दहा बाय दहाचं फील्ड, सगळं हाताला सवयीचं.

फक्त भिंतीवरचा बॅरोमीटर त्याच आठवड्यात बंद पडला होता. मी काय केलं असेल? खिशातून फोन काढला, हवामानाच्या ॲपमध्ये दाब बघितला. १००८ हेक्टोपास्कल. मुंबईत कितीदा तरी हेच केलंय, तूही केलंयस, टाटाला इंटर्नशिप करताना माझ्याच फोनवर. चेंबरमधली हवा तापमान-दाबाप्रमाणे कमी-जास्त होते, त्याची दुरुस्ती करणारा गुणक, केटीपी, आला १.०१९. आउटपुट काढलं तर ४.८ टक्के कमी.

महिन्याच्या तपासणीला आपल्याला दोन टक्क्यांची मुभा. मी पुन्हा रीडिंग घेतलं. तेच. चेंबर काढून परत लावला. तेच. मग मला वाटलं, मशीनच घसरलं. सर्व्हिस इंजिनिअरला फोन लावायला घेतला. आउटपुट वर ओढायचं एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात आमचा टेक्नॉलॉजिस्ट चहा घेऊन आला. त्याला आकडा सांगितला तर म्हणाला, "सकाळी तर बरोबर आलं होतं की सर." रोजच्या तपासणीचं जे उपकरण आहे त्याने सकाळी पाव टक्काही फरक दाखवला नव्हता. आणि त्याच्या पोटात स्वतःचा दाबमापक आहे. खरं सांगतो मिल्या, माझं पहिलं म्हणणं काय होतं माहितीये? "ते उपकरण जुनं झालंय, त्याची बेसलाइन नव्याने घेऊ." म्हणजे चुकीला साक्षीदार उरला होता तोही मी घालवायला निघालो होतो.

चहा पिता पिता डोक्यात काहीतरी खटखटत होतं. घरी जाऊन फाइल काढली. ती निळी, ज्यात मी सगळी प्रमाणपत्रं कोंबतो. मागच्या वर्षी फेब्रुवारीत पुण्याला दोन दिवसांच्या सीएमईला, म्हणजे नोकरीतल्यांच्या शिक्षणवर्गाला, गेलो होतो, निव्वळ क्रेडिटसाठी, हे तुझ्याजवळ कबूल करायला काय लाज. जेवणानंतरचं सत्र, मागची रांग, एसी छान. प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं: "स्टेशन प्रेशर घ्या, सी लेव्हल नव्हे!!" दोन उद्गारचिन्हं आणि खाली दुहेरी रेघ. लिहिलं मी, रेघ मी मारली आणि डोक्यात काडीचंही शिरलं नव्हतं.

हवामानाचं ॲप समुद्रसपाटीला आणलेला दाब दाखवतं, आपल्या जागेवरचा म्हणजे स्टेशन प्रेशर नव्हे. मुंबईत तो आणि खरा दाब जवळपास एकच, म्हणून पंधरा वर्षं माझी खोड खपून गेली. सोलापूर साडेचारशे मीटरवर. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या एका ओळखीच्यांकडून बॅरोमीटर मागून आणला: ९५८. केटीपी १.०७२. आउटपुट ०.२ टक्के जास्त. मशीन बिचारं जागच्या जागी होतं.

आता तू म्हणशील, असं कसं रे चुकतं? तुला हसायचा हक्क आहे कारण डेन्व्हरला ही चूक करायची सोयच नाही. मैलभर उंचीवर दाब आठशे पस्तीसच्या आसपास, तिथे ॲपचा आकडा घातला तर आउटपुट सतरा-अठरा टक्क्यांनी पडलेलं दिसेल. एवढा फरक बघून कोणीही थांबेल. मुंबईत चूक होतच नाही. आपल्या पठारावरच ती पाच टक्क्यांची होते, आणि पाच टक्के म्हणजे "घसरलं असेल बुवा" असं वाटण्याइतपतच. खरी भीती मला त्याचीच वाटते. किरणांच्या मोजमापाबद्दल शिफारशी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयसीआरयूने १९७६ साली आख्ख्या उपचारासाठी, म्हणजे मोजमाप, प्लॅनिंग, पेशंट टेबलावर झोपवणं सगळं धरून, पाच टक्क्यांची मर्यादा सांगितली होती. ती मी एका दुपारी फोनवर बोट ठेवून संपवणार होतो. त्या आठवड्यात तोंडाच्या कॅन्सरचे तीन-चार पेशंट विसाव्या फ्रॅक्शनच्या (रोजच्या डोसच्या) पुढे होते, तोंड आलेलं, नळीतून खाणारे. त्यांना आणखी पाच टक्के... जाऊ दे. त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग मला हिशोब सुचला. त्या सत्राचं क्रेडिट माझ्या खात्यात फेब्रुवारी २०२४ ला जमा झालं. शिकलो मी एप्रिल २०२५ ला. त्या एप्रिलचं क्रेडिट मला कोणी दिलं नाही, आणि मागायला गेलो तर नोकरीच जायची. चौदा महिने मी कागदोपत्री शिकलेला होतो.

याचा अर्थ सीएमई फुकट, असं मी म्हणत नाही हं. त्या प्रमाणपत्राच्या मागे ती ओळ नसती तर मी बेसलाइन बदललीच असती. पण आपण मोजतो ते खुर्चीवर बसलेले तास. पुण्यात एका वक्त्याने सांगितलं की ज्ञानालाही कोबाल्टसारखी हाफ-लाइफ असते, टाळ्या पडल्या. मला तेव्हाही पटलं नाही. कोबाल्टचं बरं असतं, ५.२७ वर्षं, महिन्याला साधारण एक टक्का, तक्त्यात बघितलं की कळतं किती उरलाय. माझ्यात दाबाबद्दल किती उरलंय हे मला कोणत्या तक्त्यात दिसणार होतं?

म्हणून तुझ्या त्या आठवड्याच्या दोन प्रश्नांचं मला आता फार कौतुक वाटायला लागलंय. पूर्वी तू कुरकुर करायचास तेव्हा मी हसायचो: तुमच्या बोर्डाचे, एबीआरचे, तीन वर्षांत पंच्याहत्तर क्रेडिट आणि वर हे ऑनलाइन प्रश्न, वर्षाला बावन्न सोडवायचे. पण त्यात निदान विचारतात तरी. बसून ऐकणं वेगळं आणि कोणीतरी "सांग बघू" म्हणणं वेगळं. आपल्याकडे कॉलेज ऑफ मेडिकल फिजिक्स ऑफ इंडियाची परीक्षा आहे, लेखी आणि तोंडी, ती देताना मी खरोखर अभ्यास केला होता. तोंडीला एकाने विचारलं होतं, "थर्मामीटर शेवटचा कधी तपासलास?" घाम फुटला होता. पण एकदा पास झालं की पुढे क्रेडिट गोळा करायचे, विचारणारा कोणी नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाची (एईआरबी) आरएसओची मंजुरी मुदतीची असते, तिच्यासाठी त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर धावपळ होते, पण ती कागदांची. आता २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या कायद्यात मेडिकल फिजिसिस्टचं नाव आलंय, त्यातून पुढे काय निघतं बघू. डॉक्टरांना निदान मेडिकल कौन्सिलचा धाक आहे, म्हणून त्यांची रजा मंजूर होते. आपली?

रजेचं नाव काढू नकोस. आधीच्या एका ठिकाणी मी राष्ट्रीय परिषदेला चार दिवस मागितले तर प्रशासनातले साहेब म्हणाले, "मशीन तर चालू आहे ना? मग काय शिकायचं राहिलंय?" स्वतःच्या खर्चाने, बिनपगारी गेलो. इथले मॅनेजमेंटवाले त्यामानाने बरे, पण मी गेलो तर मागे बघणार कोण? मशीन बंद ठेवलं तर पन्नास पेशंटचा दिवस बुडतो, त्यातले निम्मे अक्कलकोट, मंगळवेढा, पार विजापूरकडून एसटीने आलेले. त्यांना "साहेब शिकायला गेलेत, उद्या या" कुठल्या तोंडाने सांगू? एकट्या फिजिसिस्टने शिकत राहायचं कसं, याचं उत्तर कुठल्याच नियमावलीत मला सापडलेलं नाही.

मग ऑगस्टपासून आम्ही एक खटाटोप सुरू केलाय. शनिवारी संध्याकाळी सहा ते सात, ऑनलाइन. बार्शीचा एक, लातूरचा एक, कलबुर्गीची एक मुलगी आणि मी. (बार्शीचं नाव काढलं की तो पोरगा लगेच ऐकवतो की देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली आमच्याकडे सुरू झाली. ऐकून घेतो.) भाषणं नाहीत. प्रत्येकाने आठवड्यातली स्वतःची एक चूक किंवा अडलेली गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी उलटतपासणी घ्यायची. पहिल्या शनिवारी माझी एप्रिलची गोष्ट सांगितली तेव्हा दहा सेकंद कोणी बोललंच नाही. मग लातूरवाला म्हणाला, "सर, मी पण ॲपच बघतो." दुसऱ्या दिवशी त्याने बॅरोमीटर मागवला.

सध्या डोस मोजायच्या आमच्या आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉलची, टीआरएस-३९८ ची, २०२४ ची सुधारित आवृत्ती वाचतोय. केक्यूचे, म्हणजे किरणांच्या प्रतीनुसार लावायच्या गुणकाचे, तक्ते नवे आहेत, आणि आमच्या चौघांपैकी दोघांच्या एक्सेलमध्ये अजून २००० चेच आकडे होते. एकाच्या शीटमध्ये तर संदर्भ तापमान २२ अंश! कुठून आलं विचारलं तर, "अमेरिकेतल्या एका सीनियरने दिलेली शीट आहे." तुमचा अमेरिकेचा प्रोटोकॉल टीजी-५१ बावीसवर, आमचा प्रोटोकॉल वीसवर, आणि आमच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवरही वीस. तो सीनियर तू नाहीस ना? खरं सांग.

या शनिवारांचं क्रेडिट मिळत नाही. आमच्या टेक्नॉलॉजिस्टने मात्र बंकरच्या दारावर आतून कागद चिकटवलाय, "फोन बाहेर ठेवावा". त्याचा रोख कुणाकडे ते सगळ्यांना कळतं. आणि परवा आउटपुट झाल्यावर फँटम रिकामा करताना झाडलोटीच्या मावशी लांब उभ्या. "त्या पाण्यात करंट असतंय का ओ सर?" म्हटलं, काही नसतं मावशी, नळाचंच पाणी आहे. तरी विश्वास बसेना. मी ओंजळीत घेऊन तोंड धुतलं तेव्हा कुठे बादल्या उचलल्या. आता तेच पाणी गेटजवळच्या तुळशीला जातं. सत्तावीस लिटर पाणी या गावात कोण ओतून देतं?

तर तुझ्याकडे मागणं एवढंच. दर आठवड्याला मला दोन प्रश्न पाठव. तुमच्या बोर्डाचे नकोत, ते बाहेर सांगायची परवानगी नसणार. तुझ्या स्वतःच्या बंकरमधले, ज्यात तू कधी अडकलास किंवा फसलास तसले. मी तुला इथले दोन पाठवीन. उत्तर चुकलं तर येताना एकेक वस्तू दंड: माझ्याकडून सोलापुरी चादर, तुझ्याकडून एक चांगला डिजिटल थर्मामीटर, तपासून घेतलेला. इथला अर्ध्या अंशाने खोटं बोलतो असा मला संशय आहे.

जानेवारीचं तिकीट काढलं की कळव. मुंबईहून सिद्धेश्वरने ये, वंदे भारतच्या नादी लागू नकोस, रात्रीच्या गाडीत गप्पा तरी होतात; मी न्यायला मुंबईला येईन म्हणतो. गड्ड्याचे नंदीध्वज बघायला आपण दोघं शेवटचे कधी उभे होतो आठवतंय का? वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुध्या

ता. क. पहिला प्रश्न आत्ताच घे. उन्हाळा, टाकीचं पाणी ३५ अंश, बंकरची हवा २४. घाईत फँटम भरला, थर्मामीटर पाण्यात न बुडवता भिंतीवरचा आकडा धरला. चूक किती टक्के, आणि कुठल्या बाजूला? कॅल्क्युलेटर नाही.