कागदाच्या कडेला ओढलेल्या एका रेघेसाठी

बाई,

"आभार कसले मानता, दहा मिनिटांचं तर काम होतं," असं लिहून तुम्ही विषय मिटवलात. मला तो मिटवता येत नाहीये. प्रस्ताव निवडल्याचं पत्र येऊन आठ दिवस झाले, तरी ते उघडलं की घसा दाटून येतो. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव घेत नाही, कारण तशी तुमची ताकीद आहे. त्याबद्दल शेवटी बोलायचंच आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. ॲनिमेशनच्या अभ्यासकांच्या परिषदेत निबंध वाचायचा, तर आधी प्रस्ताव पाठवावा लागतो. २५०-३०० शब्दांत प्रश्न मांडायचा आणि तो कशाच्या आधारे सोडवणार ते पटवून द्यायचं. माझा विषय होता 'मधली चित्रं'. मी अकरा वर्षं इनबिट्वीनर होते. मुख्य ॲनिमेटर हालचालीतल्या ठळक पोझेस काढून देतो. हात खाली आहे, हात वर गेला, झालं. खालून वरपर्यंतचा सगळा प्रवास आमच्या पेन्सिलीचा. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम्स, सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात, आणि त्यांतली बरीचशी आमची. लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, वाकून वाकून माझी मान कायमची धरली. पण त्या कामाबद्दल मला तक्रार नाही, ते मला मनापासून आवडायचं. मला एवढंच समजून घ्यायचं होतं, की हालचाल ज्यांच्या कागदांवर घडते त्यांना ॲनिमेशनच्या इतिहासात जागा का नाही.

या प्रस्तावासाठी मी आधी तीन वेळा प्रयत्न केला होता. पहिल्यांदा एका ओळीचा नकार आला. दुसऱ्यांदा तपासणाऱ्याने लिहिलं, 'हे संशोधन नाही, आठवणी आहेत.' त्या शेऱ्यात खोटं काही नव्हतं, पण आठवणींचं संशोधन कसं करायचं याबद्दल एक अक्षर नव्हतं. तिसऱ्यांदा म्हटलं, आधी कुणा जाणत्याला दाखवावं. या विषयात ज्यांचा शब्द चालतो अशा एका सरांनी "पाठवा, बघतो" म्हणून पाच महिने तो ठेवून घेतला. मी दर महिन्याला आठवण करायचे, आणि दर वेळी आपणच त्यांचा वेळ खातोय असं वाटून ओशाळायचे. अखेर मुदतीच्या आदल्या दिवशी निरोप आला, 'विषय फार छोटा आहे.' त्यांनी जोडलेली फाइल उघडली होती असं मला आजही वाटत नाही. तरी मी अर्ज भरायला बसले, तर 'संस्था' हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. माझी संस्था कोणती? स्टुडिओ सुटलेला, विद्यापीठाशी कधी संबंध आला नाही. त्या रात्री अर्ज तसाच बंद केला आणि वर्षभर या विषयाचं नाव काढलं नाही.

मग तुमचं व्याख्यान ऐकलं, आणि धीर करून तुम्हाला लिहिलं. उत्तराची आशा नव्हती, खरं सांगते. तिसऱ्या दिवशी तुमचं उत्तर आलं.

माझा प्रस्ताव तुम्ही छापून घेतला होता, त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं आणि ते पान स्कॅन करून पाठवलं होतं. आधी मी मजकुरातल्या खुणा शोधल्या. फारशा नव्हत्याच. मग लक्ष गेलं उजव्या समासाकडे. तिथे एक उभी रेघ होती आणि तिच्यावर आडव्या खुणा. मी अक्षरशः खुर्चीतून उठले. तो टायमिंग चार्ट होता!

ॲनिमेटर चित्राच्या कडेला असा चार्ट काढून देतो. रेघेची दोन टोकं म्हणजे दोन मुख्य चित्रं, मधल्या खुणा म्हणजे आम्ही काढायची चित्रं. खुणा जिथे दाटीने येतात तिथे हालचाल मंदावते, जिथे लांब लांब असतात तिथे ती झपकन निघून जाते. अकरा वर्षं रोज मी असे चार्ट वाचत होते. माझ्या लिखाणाचा चार्ट मात्र कुणी काढला नव्हता. तुम्ही काढलात. वरच्या टोकाला सात-आठ खुणा एकमेकींना चिकटून, आणि शेजारी बारीक अक्षरात 'स्टुडिओतले दिवस'. मग बोटभर कोरी रेघ. अगदी तळाला एकच खूण, आणि तिच्यापुढे, 'तुमचा प्रश्न इथे आहे, एकटा पडलाय.'

त्याच्याच बाजूला दुसरा चार्ट. त्यात प्रश्न वरच्या टोकाला, पुरावे सारख्या अंतरावर, आणि आठवणींची एकच खूण बरोबर मध्यावर. मुख्य चित्रांचे आकडे तुम्ही गोलात लिहिले होते आणि मधल्या ब्रेकडाउनच्या, म्हणजे दोन मुख्य चित्रांमधल्या महत्त्वाच्या चित्राच्या, आकड्याखाली रेघ मारली होती, स्टुडिओत मारतात तशी. हे तुम्ही कुठून शिकलात? की माझं पत्र आल्यावर मुद्दाम शोधून काढलंत? विचारायचं राहून गेलं. खाली एवढंच लिहिलं होतं, 'हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.'

बाई, त्या ओळीने मी रडले. चार वर्षं जो तो मला माझं अज्ञान दाखवत होता. मला येतं त्या भाषेत माझ्याशी बोलावं, हे तुमच्याआधी कुणाला सुचलं नव्हतं. प्रस्ताव कसा लिहायचा याची भाषणं मी कमी ऐकली नव्हती. पण तो कागद पाहिला आणि कुठे काय चुकलंय ते एका क्षणात हाताला कळलं. त्याच रात्री बसून सगळं नव्याने लिहिलं.

तुम्ही विचारलं होतं, "इतर भाषांत या चित्रांना काय म्हणतात, पाहिलंत का?" पाहिलं. जपानी स्टुडिओंत मुख्य चित्रांना 'गेंगा' म्हणतात, म्हणजे मूळ चित्र. मधल्यांना म्हणतात 'दोगा'. त्या शब्दाचा सरळ अर्थ हलतं चित्र! १९५६ साली तोएई कंपनीने ॲनिमेशनचा स्टुडिओ काढला तेव्हा त्याचं नाव ठेवलं 'तोएई दोगा'. अख्ख्या कलेला जो शब्द लावला, तोच आमच्या चित्रांचा. माझा प्रस्ताव आता याच शब्दापासून सुरू होतो. मग येतो ॲनिमेशनचा सुरुवातीचा अमेरिकन चित्रकार विन्सर मॅके. १९१४ च्या त्याच्या डायनासोरच्या चित्रपटात ठळक पोझेस आधी आणि मधली चित्रं नंतर, अशी पद्धत होती, पण दोन्ही त्याचीच. तेव्हाही जॉन फिट्झसिमन्स नावाचा तरुण दर कागदावर तीच पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा गिरवत होता. पुढे अमेरिकेतल्या फ्लायशर स्टुडिओत डिक ह्यूमर या ॲनिमेटरच्या हाताखाली आर्ट डेव्हिस आला. पहिला इनबिट्वीनर म्हणून त्याचंच नाव घेतात. मग १९३७ मध्ये त्याच स्टुडिओत झालेला संप, पाच महिन्यांचा. संपात मोठा भरणा मधली चित्रं काढणाऱ्यांचा, शाई फिरवणाऱ्यांचा आणि रंग भरणाऱ्यांचा. हे सगळं मला आधीही ठाऊक होतं. आठवणींच्या गर्दीत त्याला जागाच मिळत नव्हती.

आणि तो रकाना! तुम्ही लिहिलंत, "स्वतंत्र संशोधक असं लिहा आणि पुढे चला. तपासणाऱ्यांना इथे नाव दिसत नाही, संस्थाही दिसत नाही." दोन शब्दांचा तोडगा. तो आधी कुणी सांगितला असता तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

ही विद्याशाखा तशी कोवळी आहे. सोसायटी फॉर ॲनिमेशन स्टडीज १९८७ ला स्थापन झाली, तिच्या वार्षिक परिषदा १९८९ पासून. एवढ्या लहान घरात एकाने दार लावून घेतलं तरी बाहेरच्याला वाटतं, आपल्याला इथे थाराच नाही. आणि एकाने नुसती कडी काढली तरी केवढा उजेड आत येतो! तुमच्यासारखी माणसं असं काम करतात आणि कुणाला सांगतही नाहीत. अनोळखी माणसाचं पान छापून घ्यायचं, पेन्सिल हातात घ्यायची, त्याला काय येतं ते आधी बघायचं. याचे कुणी पैसे देत नाही, की बढतीच्या अर्जात ते लिहिता येत नाही. अशी माणसं आहेत म्हणून माझ्यासारखीला अजून लिहावंसं वाटतं.

आता नावाचं. मला २० मिनिटं मिळाली आहेत. त्या २० मिनिटांत मी सांगणार आहे, की मधली चित्रं काढणाऱ्यांची नावं पडद्यावर आली नाहीत आणि त्याने आपल्या इतिहासाचं काय नुकसान झालं. आणि त्याच निबंधात, ज्या व्यक्तीने तो उभा केला तिचं नाव मीच वगळायचं? तुमचा मान राखून सांगते, हे मला जमणार नाही. इथे नाव घेतलं नाही, तुमचा शब्द पाळला. पण निबंधाच्या पहिल्या पानावर आभाराची एक ओळ आहे. ती अजून कोरी ठेवली आहे. निबंधाची अंतिम प्रत पाठवायला पंधरा दिवस आहेत. 'हो' एवढंच कळवा.

तुमची,
एक इनबिट्वीनर