हंपवर बेपत्ता झालेल्या विमानवीरांच्या नोंदवहीसाठी आवाहन

सर्व सभासद, माजी सभासद आणि हितचिंतकांस,

सप्रेम नमस्कार.

गणपतीची वर्गणी देऊन हात मोकळा होतो न होतो तोच मंडळ पुन्हा दारात, असे काहींना वाटेल. इलाज नाही. पाऊस सरला की अरुणाचलातल्या सियांग नदीच्या वरच्या अंगाच्या पायवाटा मोकळ्या होतात. मार्चपासून ढग परत येतात, म्हणजे त्या डोंगरांत पडलेली युद्धकाळातली विमाने शोधून नोंदवण्याच्या कामाचे महिने मोजके. पैसे जानेवारीत आले तर हे वर्ष गेलेच म्हणायचे.

बदली होऊन नव्याने आलेल्यांसाठी थोडे सांगतो. आपण आसामच्या दिब्रुगड-तिनसुकिया भागात राहतो, तिथल्या चाबुआ, मोहनबाडी, दिनजान या धावपट्ट्यांवरून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी विमाने हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनला जात. त्या डोंगररांगांना वैमानिक ‘हंप’ म्हणत. अमेरिकी जनरल शेनॉल्ट यांच्या चौदाव्या वायुसेनेतील ३०८ व्या बाँबर गटाला तर चीनमध्ये लढायचे म्हणून लागणारे पेट्रोल आणि बाँबही स्वतःच भारतातून वाहून न्यावे लागत. अशाच एका खेपेसाठी २५ जानेवारी १९४४ रोजी बी-२४ लिबरेटर जातीचे ‘हॉट ॲज हेल’ हे विमान कुनमिंगहून चाबुआकडे निघाले आणि पोहोचलेच नाही. विल्यम स्वॉन्सन, शेल्डन चेंबर्स, आयर्विन झेट्झ, रॉबर्ट ऑक्सफर्ड, चार्ल्स गिन, हॅरी क्वीन, जेम्स हिन्सन, आल्फ्रेड गेरन्स हे आठ जण त्यात होते.

ते विमान सरकारी पथकाला नव्हे, तर ॲरिझोनाचे हौशी शोधक क्लेटन कूल्स यांना २००६ मध्ये अरुणाचलातल्या दामरो गावाच्या वरच्या डोंगरात सापडले. तिथल्या आदी जमातीच्या गावकऱ्यांनी वाट दाखवली म्हणूनच ते तिथवर पोहोचले. हे श्रेय नेहमी तळटीपेत जाते, म्हणून इथे आधी लिहिले. पुढे अमेरिकी पथके आली, २०१५ मध्ये अवशेष हाती लागले, २०१६ च्या एप्रिलमध्ये ते दिल्लीहून सन्मानाने रवाना झाले आणि जून २०१७ मध्ये ऑक्सफर्ड यांचा दफनविधी त्यांच्या गावी, जॉर्जियातील कॉनकॉर्डला झाला. त्रेहत्तर वर्षांनी! २०२३ मध्ये पासीघाटला हंपचे संग्रहालयही उभे राहिले. पण या डोंगरांत पडलेली, अजून नावगाव न लागलेली विमाने बरीच आहेत.

मंडळाची नोंदवही त्यांच्यासाठी आहे. ती इथवर आली ती काही थोड्या माणसांमुळे. डिगबोईहून निवृत्त होऊन नाशिकला स्थायिक झालेल्या आपल्या माजी अध्यक्षांनी पहिला संगणक दिला, वर दरवर्षी न मागता धनादेश पाठवतात. चहाबागेतील एका कुटुंबाने दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ कपाटे दिली. रेल्वे कॉलनीतील भगिनींनी दिवाळी फराळाच्या विक्रीतून उरलेली सगळी रक्कम या कामाला दिली आणि यादीत नाव घालू नका असेही बजावले. (नाव घातलेले नाही.) जीप देणारे, जेवण देणारे, जुने इंग्रजी टंकलेखन डोळे फोडून वाचणारे, सर्वांचे ऋण मोठे आहे.

काम कसे चालते हे कळल्याशिवाय पैसे का लागतात ते कळत नाही. डोंगरात पडलेल्या ॲल्युमिनियमची गावोगाव भांडी झाली. विमान ओळखायचे ते उरलेल्या तुकड्यांवरून. चौदा सिलिंडरचे इंजिन दिसले की लोक बी-२४ म्हणून मोकळे होतात. पण डकोटा मालवाहू विमानातही त्याच कुळातले इंजिन असे. टर्बो-सुपरचार्जरचे (इंजिनाला दाबाने जादा हवा पुरवणाऱ्या यंत्राचे) अवशेष असतील तर डकोटा बाद होते. तरीही बी-२४ वरूनच बनवलेले सी-८७ हे मालवाहू विमान उरतेच. इंजिनावरच्या नाव-क्रमांकाच्या पट्टीवर ब्युइक किंवा शेव्हरोलेचे नाव दिसले तर मोटारीचा भाग समजून सोडू नये, या कारखान्यांनी ही इंजिने बनवली होती. पट्टी तारेच्या ब्रशने वा आम्लाने कधीही घासू नये, कारण अक्षरांचा उरलासुरला ठसाही जातो. ओल्या फडक्याने पुसावी, विजेरी अगदी आडवी धरून फोटो घ्यावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी. पातळ कागदावर शिसपेन्सिलीने घेतलेला ठसा कधी कधी फोटोपेक्षा बरा निघतो. काडतुसांच्या बुडाशी सालाचे आकडे असतात. ‘४४’ असेल तर ते विमान १९४३ मध्ये पडलेले नाही. मात्र न फुटलेली काडतुसे वा बाँब यांना हात लावायचा नाही, पोलिसांना कळवायचे. हाडे दिसली तर तिथेच थांबायचे, जिल्हा प्रशासनाला सांगायचे, काहीही उचलायचे नाही.

मग कागद. बेपत्ता विमानाच्या अमेरिकी अहवालात इंजिनांचे व मशिनगनचे क्रमांक नोंदवलेले असत. पट्टीवरचा क्रमांक तिथे जुळला की विमान सापडले. असे अहवाल बहुतांशी १९४३ च्या मध्यापासूनचे मिळतात, त्याआधीच्या विमानांसाठी इतर नोंदी धुंडाळाव्या लागतात. वेळांचा घोळ वेगळाच: युद्धकाळात भारतातली घड्याळे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे होती, आजच्यासारखी साडेपाच नव्हे. तासाभराच्या चुकीने विमान दुसऱ्याच खोऱ्यात जाऊन पडते. जुन्या नकाशांचे अक्षांश-रेखांशही जीपीएसमध्ये जसेच्या तसे घालू नयेत. पृथ्वीच्या आकाराचे गणित तेव्हा वेगळे होते, जागा शेकडो मीटर सरकू शकते.

अमेरिकेतील मराठी बंधुभगिनींना खास विनंती. सैनिकांच्या मृत्यूनंतरच्या फायली सेंट लुईसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यात दातांचे तक्ते, शोधपथकांचे अहवाल, घरच्यांची पत्रे असतात. कामाच्या दिवशी जाऊन, आधी वेळ ठरवून, कॅमेऱ्याने पाने टिपायची. फ्लॅश नको, पेन नको, पेन्सिल चालते. डीएनए जुळवून अवशेषांची ओळख पटवण्यासाठी नातेवाईक शोधताना आईकडची वंशावळ हवी. माइटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो, त्यामुळे बेपत्ता माणसाच्या मुलापेक्षा त्याच्या बहिणीची मुले या तपासाला उपयोगी.

गेल्या वर्षीही असेच पत्र पाठवले होते. किती उत्तरे आली ते लिहीत नाही. ‘परक्या देशाच्या माणसांसाठी आपण का?’ असे सभेत विचारले गेले. ते आपल्या अंगणात पडले आहेत, एवढेच उत्तर आहे.

आता हिशेब. स्कॅनर व साहित्य ३८,०००. आदी वाटाड्यांचा-दुभाष्यांचा मेहनताना व गाडीभाडे ६२,०००. शाळांसाठी फिरते फलक (मराठी, असमिया, हिंदी) ४४,०००. नोंदवहीच्या ३०० प्रती ४६,०००. एकूण १,९०,००० रु., जमा ७१,०००, हवेत १,१९,०००. शेवटची तारीख १५ नोव्हेंबर. खाते नेहमीचेच, क्रमांक वार्षिक अहवालाच्या मागच्या पानावर. भरणा करताना ‘नोंदवही’ असे लिहावे, नाहीतर रक्कम गणेशोत्सवात धरली जाते. डोंगरात येऊ इच्छिणाऱ्यांनी अरुणाचलात शिरण्यासाठी लागणाऱ्या इनर लाइन परवान्यासाठी ओळखपत्राची प्रत व दोन फोटो महिनाभर आधी द्यावेत. गुडघे दुखत असतील तर कागद वाचायला यावे, रविवारी सकाळी १० ते १. रोख रक्कम फक्त खजिनदारांकडे, आणि पावती घेतल्याशिवाय नाही.

आपला,
कार्यवाह