फोटो निवडून देणाऱ्या काकांस, जाहीर आभार

ती. काका,
सा. न. वि. वि.

आमच्या नाटकाचं पोस्टर लागलं. नाट्यमंदिराच्या फलकावर, राजवाडा चौकातल्या ओळखीच्या दुकानांच्या काचांवर, विश्रामबागेतल्या क्लासेसच्या जिन्यांत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत नाटक उभं केलं, त्या गावात पोस्टरवर मत नसलेला माणूस सापडणं अवघडच. त्यामुळे फोन येताहेत. फोटो कुणी काढला, अक्षरं कुणाची, मांडणी कुणाची, सगळं विचारतात. त्या तिघांची नावं पोस्टरच्या तळाला आहेतच. एवढ्या ढिगातून हा फोटो उचलला कुणी, हे मात्र एकानंही विचारलेलं नाही. त्याला श्रेयनामावलीत जागाच नसते. 'निवड' म्हणून तुमचं नाव टाकू म्हटलं, तर "मग चष्म्याचा नंबर पण टाका की" म्हणून तुम्ही उडवून लावलंत. म्हणून हे जाहीर पत्र. हे छापायला तुमची परवानगी लागत नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमची संस्था हौशी. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक जण वीज मंडळात. नाटक तीन माणसांचं आहे: आई, मुलगा, मुलगी, आणि विकायला काढलेलं घर. नाटकाचं नाव इथे लिहीत नाही, आभाराच्या पत्रात जाहिरात बरी दिसत नाही. एवढंच सांगते की नाव दोन शब्दांचं आहे आणि दोन्ही शब्दांत वर वेलांटी, खाली उकार आहे. त्याचा पुढे संबंध येणार आहे.

फोटो काढले तुमच्या चिरंजीवांनी, त्यांच्या स्टुडिओत. डिजिटलचा जमाना, रोलचा खर्च नाही, त्यामुळे आठशेच्या आसपास फ्रेम झाल्या. त्यातल्या बऱ्या वाटल्या त्या ग्रुपवर पडल्या आणि बदामांचा पाऊस सुरू झाला. मुलाचं काम करणाऱ्याला स्वतःचे जबड्याची रेघ दिसणारे फोटो आवडले. मुलीचं काम करणारीला नेमके त्याच फोटोंत आपले डोळे बारीक वाटले. दिग्दर्शकांना सगळेच 'चांगले, पण' वाटत होते. छापखान्याची तारीख जवळ आली होती. अशा वेळी तुम्ही चिरंजीवांचा डबा द्यायला म्हणून स्टुडिओत आलात आणि आमच्या मागे उभे राहिलात.

तुम्ही एकही फोटो न बघता विचारलंत, "लागणार कुठं हे?"

आम्ही सांगितलं: नाट्यगृहावर आणि दुकानांत वीस बाय तीस इंची कागदी पोस्टर, पेपरात कृष्णधवल छोटी जाहिरात, आणि मोबाइलवर फिरवायला चौकोनी. तुम्ही जुन्या बिलाच्या पाठीवर तीन चौकटी काढल्यात, एक उभी, एक चिंचोळी, एक चौरस, आणि तो कागद मॉनिटरच्या खाली चिकटवलात. मग आमच्या डिझायनर पोराला खुर्चीत बसवलंत आणि म्हणालात, "आता चांगला कुठला ते कुणी सांगायचं नाही. नको कुठला एवढंच सांगायचं."

पहिली चाळणी भराभर झाली. मिटलेले डोळे, अर्धवट उघडं तोंड, हललेला हात. पोरगं लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये 'नको'साठीचं एक्सचं बटण दाबत होतं आणि तुम्ही मागून नुसतं "हं" म्हणत होता. शंका आली की फोटो शंभर टक्के मोठा करायला लावायचात आणि पापण्या बघायचात. कितीतरी फोटोंत पापणीऐवजी नाकाचा शेंडा किंवा कानातली कुडी टोकदार आली होती. मोबाइलवर ते कुणाला कळलं नसतं. तीस इंचांवर डोळ्यांपेक्षा कुडी आधी दिसली असती.

मधे तुम्ही जुन्या दिवसांचं सांगितलंत. एकशेवीसच्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बाराच फ्रेम. पस्तीस एमएमच्या छत्तीस फ्रेमचा रोल सहा-सहाच्या पट्ट्यांत कापून एका कागदावर त्याचा कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्हच्याच मापाचा छाप, काढायचा, त्यावर भिंग ठेवायचं आणि लाल पेन्सिलीनं खूण करायची. इंचा-दीड इंचाच्या त्या चित्रात नाकीडोळी कळतच नाहीत, फक्त आकार कळतो, आणि आकार बरा असेल तरच भिंग उचलायचं, असं तुम्ही म्हणालात. मग पोराला सगळ्या फोटोंचे तिकिटाएवढे ठोकळे करायला लावलेत आणि आम्हाला खोलीच्या दारापाशी नेऊन उभं केलंत. डोळे किलकिले करून बघायला सांगितलंत. निम्मे फोटो तिथेच पडले. काळ्या पडद्यापुढे गडद निळं लुगडं, दोन्ही मिळून एकच डाग. तोंड तेवढं हवेत तरंगतंय.

आईचा 'तो' फोटो मात्र दारापासूनही ओळखू येत होता. ग्रुपवर सगळ्यात जास्त बदाम त्यालाच होते. आई हसते आहे आणि डोळे भरलेले आहेत. फोटो म्हणून आजही तो सगळ्यांत सरस आहे, तुम्हीही तेच म्हणालात. त्यावर थांबलात, पाहत राहिलात, "माझ्या पोरानं काढलाय हं," असंही म्हणालात, आणि मग बाजूला ठेवलात. आम्ही गलका केला. तुम्ही कारणं दिलीत, ती मी त्याच बिलाच्या कोपऱ्यात लिहून घेतली होती. चेहरा चौकटभर आहे, केस वरच्या कडेला टेकलेत. इंग्रजी नाव असतं तर एक पट्टी टाकून भागलं असतं, पण आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वर वेलांटीला जागा लागते आणि खाली उकाराला. ती वेलांटी आईच्या कपाळात घुसणार आणि उकार भुवईवर येणार. आणि दुसरं कारण ऐकून दिग्दर्शकही गप्प झाले. "ह्या फोटोत तुमच्या नाटकाचा शेवट आहे. तिकीट काढायच्या आधीच सांगणार का?"

तुम्ही तालीम एकदाच पाहिली होतीत, काका.

मुलाचं काम करणाऱ्याचं प्रकरण तुम्ही कसं मिटवलंत, तेही लिहायला हवं. त्याला स्वतःचा एकही फोटो पटेना. 'मी असा दिसत नाही' हेच पालुपद. तुम्ही पोराला एक फोटो आडवा उलटा करायला, म्हणजे आरशात दिसतो तसा करायला सांगितलंत. तो लगेच म्हणाला, "हा बरा आहे!" बाकी आम्हा सगळ्यांना उलटा केलेला विचित्र वाटला. "तू स्वतःला आरशातच बघतोस रे, आम्ही तुला समोरून बघतो," एवढंच तुम्ही म्हणालात. नंतर माझ्या वाचनात आलं की १९७७ साली अमेरिकेत मीटा, डर्मर आणि नाइट या तिघा मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रयोग केला होता: माणसांना स्वतःचा आरशातला चेहरा आवडला, त्यांच्या मित्रमंडळींना सरळ फोटोतला. स्टुडिओच्या काउंटरवर पासपोर्ट फोटो देताना तुम्ही हे किती हजार वेळा पाहिलं असेल! नटानं स्वतःचा फोटो निवडू नये, हा नियम मी संस्थेच्या वहीत लिहून ठेवलाय. अध्यक्षांनाही तो लागू आहे.

पण उलटं करण्याचा हा खेळ पुढे आमच्याच अंगाशी आला असता. तिघांचे फोटो वेगवेगळे काढलेले, पोस्टरवर एकत्र जोडायचे. आई उजवीकडे बघणारी हवी होती आणि आवडलेल्या फ्रेममध्ये ती डावीकडे बघत होती. पोरगं म्हणालं, फ्लिप मारतो. तुम्ही हात वर केलात. "पदर बघ." खरंच, उलट्या फोटोत पदर उजव्या खांद्यावर गेला होता. सांगलीतल्या एकूण एक बाईनं रस्त्यावरून जाताजाता ते ओळखलं असतं. मग तुम्ही म्हणालात, पदराचं सोडा, नाकाची सावली बघा. आईच्या नाकाची सावली एका गालावर, मुलाच्या दुसऱ्या. जेवणाच्या सुट्टीनंतर आम्हीच 'जरा वेगळं करू' म्हणून मुख्य लाइट दुसऱ्या बाजूला हलवून घेतला होता. तिघं एका घरात उभे आहेत आणि सूर्य दोन आहेत, असं पोस्टर झालं असतं. कितीही सफाईनं कापून जोडलं तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय खटकतंय ते त्याला सांगता येत नाही. मग सुट्टीच्या आधीच्याच फ्रेम घ्यायच्या असं ठरलं. त्यातही कॅमेरा ज्यांत छातीच्या उंचीवर होता, तेवढ्याच. एकाकडे खालून आणि दुसऱ्याकडे वरून बघितलेलं चालत नाही, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आठशेतल्या साठेक उरल्या आणि खोलीतला आवाज एकदम खाली आला.

हिशेबही तुम्ही तोंडी केलात. चोवीस मेगापिक्सलचा कॅमेरा, म्हणजे ६,००० बाय ४,०००. उभी फ्रेम वीस बाय तीसवर बरोबर बसते, इंचाला दोनशे ठिपके मिळतात, भिंतीवरच्या पोस्टरला पुष्कळ झाले. आडव्या फ्रेममधून उभं कापलं तर तीस इंचांना ४,००० च उरतात, म्हणजे इंचाला १३३. त्यातून आणखी चेहरा कापून मोठा केला की गेलंच. त्यामुळे आडव्या फ्रेम तुम्ही थेट चौकोनी जाहिरातीच्या ढिगात टाकल्यात.

शेवटी जो फोटो राहिला त्याला ग्रुपवर एकही बदाम नव्हता. आई पाठमोरी, तोंड अर्धवट वळलेलं, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि वरचा निम्मा भाग नुसता राखाडी. नुसता बघितला तर 'हा कशाला काढला?' असं वाटावं. तुम्ही सुलेखनाचा कागद मागवलात, पोरानं नाव त्या राखाडी जागेत आणून बसवलं, आणि उकार बरोबर खांद्याच्या वरच्या पोकळीत उतरला. पेपरच्या जाहिरातीसाठी तो काळा-पांढरा करून पाहिलात. केसांच्या कडेला मागच्या लाइटची बारीक रेघ होती, तिच्यामुळे डोकं पडद्यापासून सुटं राहिलं. "पेपरचा कागद शाई पितो, ही रेघ नसती तर सगळं काळं झालं असतं." सुलेखनकार कमल शेडगे यांच्या अक्षरांच्या जाहिराती तुम्ही कशा कापून ठेवायचात, तेही तेव्हाच कळलं. नाटकाचं नाव हाच जाहिरातीतला पहिला नट, त्याला उभं राहायला जागा नको का, असं तुम्ही म्हणालात.

एक तक्रार आहे, ती इथेच नोंदवते. मुलगा फार लहान झालाय असं मला अजूनही वाटतं. कोपऱ्यात दारापाशी तो आहे हे दोन-तीनदा पाहिल्यावर लक्षात येतं. तुमचं म्हणणं, तो नाटकातही तसाच आहे. असेल. पण त्याची आई पोस्टर बघायला मुद्दाम आली होती आणि तिला चष्मा पुसावा लागला.

आणि सगळ्यांत मोठे आभार ज्याबद्दल मानायचे ते हे, की तुम्ही दिवसभरात 'वाईट' हा शब्द वापरला नाहीत. ढीग तीन केलेत आणि फोल्डरांना नावं दिलीत: 'पोस्टर', 'पेपर', 'घरचा'. काढून टाकायचा फोटो कुणाच्या जिवाभावाचा असेल तर तुम्ही म्हणायचात, "हा घरचा." कुणी हट्ट धरला नाही. आईचं काम करणाऱ्या आमच्या बँकवाल्या ताईंचा तो हसरा, डोळे भरलेला फोटो 'घरचा'मध्ये गेला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. पुढच्या आठवड्यात तुम्ही तो बारा बाय अठरामध्ये काढून, फ्रेम करून त्यांच्या घरी पोचता केलात, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. पैशांचं विचारलं तर म्हणे "पोराला विचारा", आणि पोराला विचारलं तर "बाबांना विचारा". ही बापलेकांची जोडी संस्थेच्या खजिनदारांना फारच आवडली आहे.

पुस्तिकेचं काम आता सुरू होतंय. त्यात आठ पानं आहेत आणि पानागणिक फोटो हवाय, म्हणजे 'पेपर' आणि 'घरचा' दोन्ही ढीग पुन्हा उघडावे लागणार. या वेळी डब्याचं निमित्त नको. रविवारी चारला या, चहा आणि भडंग आमच्याकडे. बिलाच्या पाठीवरच्या चौकटी पोरानं आत्ताच काढून ठेवल्यात, आणि पहिल्याच पानावरून त्याचं आणि दिग्दर्शकांचं वाजलंय. काकूंनाही घेऊन या, मुलगा लहान झालाय की नाही यावर मला त्यांचं मत हवंय.

आपली,
कार्यवाह (आणि संस्थेतल्या सगळ्यांच्या वतीनं, 'मी असा दिसत नाही'वाल्यासह)